तिकडे मांडी चालत नाही

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला की समजायचं, आज समोरच्या घरात कुणी वेळेवर जेवणार नाही. दोन हजार चारच्या जानेवारीपासून तो नकाशा जवळजवळ रोज पसरत होता. जर्मनी आणि ऑस्ट्रिया. शामसुंदर पेन्सिलीने रेघा मारायचा, मृण्मयी त्या खोडरबराने पुसायची, आणि त्यांचा दीड वर्षाचा शौनक आत्याच्या मांडीवरून वाकून वरणाने भरलेला हात नेमका ऑस्ट्रियावर ठेवायचा.

मी गंगापूर रोडवरच्या त्याच इमारतीत, त्यांच्या समोरच्या दारात राहते. शाळेतून निवृत्त झालेली बाई. लोक मला वत्सलाबाई म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. जीभ तिखट आहे, मान्य. पण सगळेच गोड बोलतात अशा घरात काय काय शिजतं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

शामसुंदर सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. मृण्मयी बँकेत. घर चालवायची ती सुधा, शामसुंदरची थोरली बहीण. तिला येवल्याला दिलं होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नाही, म्हणून सासरच्यांनी एक ट्रंक देऊन तिला माहेरी पोचती केली. मग तिने आईवडिलांचं केलं, ते गेल्यावर भावाचं केलं, आणि शौनक झाल्यावर शौनकचं. त्याला झोप यायची ती आत्याच्या मांडीवर, तिची उजव्या हाताची करंगळी तोंडात धरून. घास जायचा तो तिच्या बोटांनी कालवलेला. मृण्मयी चमचा घेऊन आली की पोराचे ओठ घट्ट. पहिला शब्द बोलला तोही ‘आत्तू’.

हे आपोआप झालेलं नव्हतं. मृण्मयीची रजा संपत आली तेव्हा पोर अंगावर पीत होतं आणि काही केल्या सोडत नव्हतं. सुधाने आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला उपाय केला. रविवार कारंजावरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून कडूजहर काळा बोळ आणला, सहाणेवर उगाळला आणि भावजयीला म्हणाली, “हे लाव. तीन दिवस रडेल, चौथ्या दिवशी विसरेल. मुलंच ती.”

“ताई, रात्रीचं एक तरी राहू दे,” मृण्मयी म्हणाली होती.

“अर्धवट केलं की पोराचे जास्त हाल होतात,” सुधा म्हणाली.

तीन दिवस ते लेकरू आईला बिलगायचं, कडू लागलं की किंचाळून बाजूला व्हायचं, आणि सुधा त्याला उचलून घेऊन जायची. मृण्मयी आत दार लावून रडायची. ते मला माझ्या घरात ऐकू यायचं. चौथ्या दिवशी पोर खरोखरच विसरलं. सुधा त्याला खांद्यावर टाकून माझ्याकडे आली. चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, “वत्सलाताई, आता हा माझा झाला.” दार उघडंच होतं आणि मृण्मयी पर्स घेऊन जिना उतरायला निघाली होती. तिने ऐकलं. ती लगेच बोलत नाही, ठेवून देते.

तर प्रवास. म्युनिकला मृण्मयीची धाकटी बहीण छाया राहत होती. तिचा आग्रह होता की मे महिन्यात या, आमची गाडी आहे, सगळे मिळून फिरू. म्युनिकहून साल्झबर्ग, मग तळ्यातळ्यांवरून व्हिएन्ना, परतताना इन्सब्रुक. शौनक जुलैत दोन वर्षांचा होणार होता, त्याच्या आत जायचं होतं, कारण दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर चालतं. कुणाच्या मांडीवर, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

“ताई, तुम्हाला यावंच लागेल,” मृण्मयी म्हणाली. “तुम्ही नसलात तर हा व्हिएन्नात उपाशी मरेल.”

आम्ही सगळे हसलो. सुधा तर दिवसभर हसत होती.

तिचा पासपोर्ट निघाला. चाकांची निळी बॅग आली. तिकडे फार चालावं लागतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती साडीखाली पांढरे बूट घालून कृषिनगरच्या ट्रॅकवर चालायला जाऊ लागली, तेही शौनकला कडेवर घेऊन. कॉलेजची पोरं हसायची. हसेनात का. दुपारी ती नाचणीचं सत्त्व काढायची, मेतकूट करायची, शौनकसाठी पिवळा स्वेटर विणायची. एकदा मी विचारलं, “सुधा, तुला तिकडे बघायचंय तरी काय गं?”

“मला काय बघायचंय?” ती म्हणाली. “डोंगरावर मे महिन्यातसुद्धा बर्फ असतो म्हणे. ह्याने पहिल्यांदा बर्फ बघितला की ह्याचं तोंड बघायचंय.”

एवढंच मागणं होतं तिचं. देवाकडेसुद्धा माणूस याहून जास्त मागतं.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला होते. छायाचा फोन आला. शामसुंदरने नवा फोन घेतला होता, बटण दाबलं की पलीकडचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येणारा. त्याला ते बटण दाबायची भारी हौस. छायाने हॉटेलं सांगितली, घाटातले रस्ते सांगितले, आणि मग म्हणाली, “गाडीत बसायचं कसं ते ठरवलंत का?”

“त्यात काय ठरवायचं?” शामसुंदर म्हणाला. “पाच जणांची गाडी आहे ना? तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि ताई. शौनक मांडीवर.”

“भावोजी, इथे मांडी नाही चालत. मुलाची वेगळी खुर्ची असते, पट्ट्याने बांधायची. ती एक अख्खी सीट खाते. पोलीस धरतात नाहीतर.”

शामसुंदरने नकाशाकडे पाहिलं, जणू चूक त्या कागदाचीच होती. हे दोघे शिकलेसवरलेले जीव इतके दिवस घाटांची वळणं मोजत होते. पण मुलाला जागा लागते हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. कसं येणार? आपल्याकडे मूल म्हणजे कुणाची तरी मांडी. सिन्नरच्या जीपमध्ये माणसं मोजताना पोरं कुणी मोजतं का?

“मग आता?” शामसुंदर म्हणाला.

“मग काय? त्या आत्याबाईंना कुठे बसवणार, डिकीत?” आणि छाया खळखळून हसली.

मृण्मयीचा हात बटणाकडे गेला, पण बटण काही तिने दाबलं नाही. सुधाही हसली. ते हसू मला अजून दिसतं. तोंड फोनजवळ नेऊन ती म्हणाली, “अगं छाया, मी घेईन की त्याला मांडीवर. पोलीस दिसला की दोघं खाली वाकू.”

पलीकडचं हसू तुटलं. “अय्या, ताई तिथेच आहेत का?”

“ताई,” मृण्मयी अगदी मऊ आवाजात म्हणाली, “तिकडे मांडी चालत नाही.”

मी म्हटलं, दुसरी गाडी करा, नाहीतर रेल्वेने फिरा, तिकडची रेल्वे चांगली असते असं मी भूगोलात मुलांना शिकवत आले. शामसुंदर म्हणाला, “बघू.” तो बघू म्हणाला की समजावं, बघून झालं. चार दिवसांनी जेवताना, ताटातून मान वर न करता त्याने सांगितलं, “ताई, पुढच्या वेळी नक्की तू.” सुधाने त्याला आणखी एक पोळी वाढली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, चालायचंच. पण भागलं नाही. सुधाला सोडून जायचं ठरलं, तरी शौनक सुधाला सोडत नव्हता.

एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेला जोडून बँकेला सुट्ट्या आल्या होत्या. मी त्यांची वाटी परत करायला गेले, तर स्वयंपाकघरात नणंद-भावजय समोरासमोर उभ्या.

“ताई, शौनकचं आता तोडायला हवं,” मृण्मयी म्हणत होती.

“अगं, अंगावरचं तर केव्हाच तोडलं.”

“अंगावरचं नाही. तुमचं.”

सुधाला कळलंच नाही. मला कळलं.

“तीन आठवडे राहायचंय तिकडे,” मृण्मयी म्हणाली. “तुमच्या हाताशिवाय तो जेवत नाही, तुमच्या मांडीशिवाय झोपत नाही. रडून रडून आजारी पडला तर परक्या मुलखात मी काय करू? तुम्हाला चालेल का ते?”

“नाही गं, असं बोलू नको.”

“मग आत्ताच सवय मोडायला हवी. आम्ही ओढून नेला तर तुमची आठवण काढत बसेल. त्याने तुम्हाला आपणहून सोडायला हवं.” तिने पर्समधून कागदाची पुडी काढून ओट्यावर ठेवली. “बोळ आहे. त्याच दुकानातून आणला. तुम्हीच म्हणाला होतात ना, तीन दिवस रडेल, चौथ्या दिवशी विसरेल.”

मी हातातली वाटी दाणकन ओट्यावर आपटली. “मृण्मयी, लाज वाटते का काही? ज्या बाईने तुझं पोर वाढवलं तिच्याच हाताला कडू फासतेस?”

“काकू, मूल माझं आहे,” ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. बाहेरच्या खोलीत शामसुंदरने टीव्हीचा आवाज वाढवला. बहिणीच्या बाबतीत त्याने उभ्या जन्मात केलेली हालचाल ती एवढीच.

सुधाने पुडी उचलली. “परत आल्यावर येईल ना गं माझ्याकडे?”

“येईल हो. मुलंच ती.”

मी सुधाला जिन्यात गाठलं. म्हटलं, करू नकोस, सरळ नाही म्हण. ती म्हणाली, “वत्सलाताई, तो तिकडे उपाशीपोटी रडत बसेल, आणि मी इथे माझ्या मांडीचं कौतुक करत बसू? आणि नाही म्हणून जाऊ कुठे?” दोन्ही कारणं खरी होती. कुठलं जास्त खरं, ते तिलाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी शौनकच्या जेवणाच्या वेळी मी मुद्दाम जाऊन बसले. म्हटलं, करायचंच असेल तर माझ्या देखत करा. सुधाने सहाणेवर बोळ उगाळला, बोटांना लावला आणि त्या बोटांनी वरणभात कालवला. शौनकने घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, सगळं बाहेर काढलं आणि भोकाड पसरलं. आणि धावला कुठे? सुधाच्याच गळ्यात. तिच्या मानेत तोंड खुपसून, मधूनच जीभ बाहेर काढून तिला दाखवत होता. कुणीतरी कडू खायला घातलं, याची तक्रार तो तिच्याकडेच करत होता. तिने पाणी पाजलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा आ केला. पुन्हा कडू घास, पुन्हा रडणं, पुन्हा तिचाच गळा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी पोर तोंड उघडत होतं.

मृण्मयी दाराला टेकून बघत होती. “त्याला कळतच नाहीये तुम्ही देताय ते,” ती म्हणाली. “आधी बोटं दाखवा, मग घास द्या.”

सुधाने काळी झालेली बोटं त्याच्यासमोर धरली. एक बोट जिभेला टेकवलं. “कडू,” ती म्हणाली. “आत्तू कडू.” शौनकने बोटाकडे पाहिलं. “कडू,” तो म्हणाला. हा शब्द तो त्या दिवशी शिकला. शब्द म्हणाला आणि पुन्हा आ केला.

मी तिथून उठले. माझ्याने बघवेना. शाळेत मीही हातावर छड्या दिल्या आहेत, मी काही लोण्याची नाही. पण त्या पोराचं उघडलेलं तोंड बघून मला त्या घराला आग लावावीशी वाटली.

पुढचं मला सुधानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माझ्या गॅलरीत बसून. सकाळपासून तो कडू घास गिळत होता पण तिला सोडत नव्हता. तेव्हा मृण्मयी म्हणाली, “करंगळीला लावा.”

“करंगळी राहू दे गं,” सुधा म्हणाली होती. “जेवणाचं सुटेल हळूहळू. तेवढी करंगळी राहू दे.”

“मी पण म्हणाले होते, ताई. रात्रीचं एक तरी राहू दे. आठवतं?”

सुधाला आठवत होतं. तिने करंगळीला बोळ लावला. दुपारी त्याला मांडीवर घेतला, थोपटला, करंगळी दिली. तो चोखायला लागला आणि थांबला. डोळे उघडले. करंगळी तोंडातून काढून त्याने नीट बघितली, मग तिच्याकडे बघितलं.

“मला वाटलं आता रडेल, म्हणून छातीशी धरायला गेले,” सुधा म्हणाली. “रडला नाही हो, वत्सलाताई. नुसता मांडीवरून उतरला आणि आईकडे चालत गेला.”

त्यानंतर तो तिच्याकडे आला नाही. तिने बिस्कीट धरलं तरी आधी हाताकडे बघायचा आणि “कडू” म्हणून मागे सरकायचा. मृण्मयीच्या हातचं मुकाट जेवायला लागला, तिच्या कुशीत झोपायला लागला. आईला आपलं मूल परत मिळालं, यात वाईट काय, असं मी स्वतःला बजावून पाहिलं. पटलं असतंही. पण सुधा स्वयंपाकघरातून पाणी न्यायला बाहेर आली की मृण्मयी त्याला म्हणायची, “कोण आलं बघ? कडू आत्तू!” आणि पोर आईच्या खांद्यात तोंड लपवायचं. याची काही गरज नव्हती. काम झालं होतं.

मेमध्ये ती मंडळी गेली. गाडीत सामान चढलं, त्यात नाचणीचं सत्त्व होतं, मेतकूट होतं, पिवळा स्वेटर होता. ज्या बाईने ते केलं ती फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. शौनकने मान फिरवली.

तीन आठवडे सुधा हात धूत होती. आधी साबणाने, मग लिंबाने, मग शिकेकाईने. रोज माझ्याकडे येऊन हात पुढे करायची. “वास घेऊन बघा हो, येतोय का?” मी सांगायची, काही येत नाही, अगं बोळ केव्हाच गेला. तिचा विश्वास बसायचा नाही. जाऊन पुन्हा धुवायची. बोटांची सालं निघाली. आणि तरीही ती खुशीत होती. कॅलेंडरकडे बघत होती, परत आल्यावर पहिल्या दिवशी शौनकला काय करून घालायचं ते ठरवत होती. गुळाचा सांजा ठरला. गोडाने सुरुवात करायची म्हणाली.

ते आले तेव्हा बरोबर ती खुर्ची होती. छायाच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाची, त्याला लहान झालेली. करड्या रंगाची, पट्टे असलेली. शामसुंदरने ती विमानातून आणली आणि आपल्या वॅगन आरमध्ये मागच्या सीटवर बसवली. नाशकात तेव्हा असलं काही कुणी पाहिलं नव्हतं, सोसायटीतली माणसं बघायला यायची. तोही बक्कल लावून-काढून दाखवायचा.

सुधा सांज्याची ताटली घेऊन पुढे झाली. शौनकने तिच्याकडे पाहिलं. विसरला असता तरी मी देवाला हात जोडले असते. नवी बाई म्हणून तरी हळूहळू रुळला असता. पण तो तिला विसरला नव्हता. “कडू,” तो म्हणाला आणि आईच्या पाठीमागे गेला.

मग फोटो बघायचा कार्यक्रम झाला. तळी, डोंगर, घोडागाड्या. बर्फातला एक फोटो होता. शौनकच्या अंगात पिवळा स्वेटर, पण तोंड मृण्मयीच्या खांद्यात दडलेलं. सुधाने तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग उलटा करून मागे बघितलं आणि पुढचा घेतला.

सोमवारपासून बँक होती. रविवारी मृण्मयी म्हणाली, “ताई, आता त्याला पुन्हा लावून घ्या तुमच्याकडे. बोटांना मध लावून बघा.”

मी तिथेच होते. म्हटलं, “का गं? चौथा दिवस उलटला ना? आता कशाला सुधा हवी?” तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. पण मला खरा संताप आला तो सुधाचा, कारण तिने मध लावला. बोटांना मध लावून ती त्या पोरासमोर जमिनीवर बसली. बोट आपल्या जिभेला टेकवायची आणि म्हणायची, “गोड. बघ, आत्तू गोड.” शौनकने आपला चमचा पुढे केला. तिकडे तो स्वतःच्या हाताने जेवायला शिकून आला होता. “मी,” तो म्हणाला. सुधाचं बोट जवळ आलं तसा किंचाळला. संध्याकाळी मी गेले तेव्हा ती तशीच बसलेली होती, बोटं चिकट आणि फरशीवर मुंग्या.

सोमवारी तो दिवसभर तिच्याकडे बघून रडला, उपाशी राहिला. मृण्मयी आल्यावर म्हणाली, “ताई, तो तुम्हाला बघूनच घाबरतो.” जणू हे सुधाच्या चेहऱ्यातलं काही जन्मजात व्यंग होतं. त्या आठवड्यात कॉलेज रोडवरचं पाळणाघर ठरलं. पुढच्या आठवड्यात सुधाची खोली शौनकला द्यायचं ठरलं, कारण तिकडे मुलं आपापल्या खोलीत झोपतात. मग एके दिवशी शामसुंदर म्हणाला, “ताई, येवल्याहून तुझ्या दिरांचा फोन होता. जाऊबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांना कुणीतरी करणारं हवंय.” गरज सरो वैद्य मरो, असं आपण म्हणतो. या घरात मात्र वैद्याला दुसरा रोगी शोधून देण्याइतकी माया होती.

सुधा नाही म्हणाली नाही. युरोपला न्यायच्या निळ्या बॅगेत तिने साड्या भरल्या.

जूनमधल्या एका सकाळी निघायचं ठरलं. एकाच फेरीत सगळं उरकायचं होतं. आधी सुधाला ठक्कर बाजारच्या स्टँडवर सोडायचं, मग शौनकला पाळणाघरात, मग मृण्मयीला बँकेत. मी म्हटलं, मीही येते, तिला गाडीत बसवून देते. माझे गुडघे दुखतात म्हणून मला पुढे बसवलं. मागे एका खिडकीशी मृण्मयी, दुसऱ्या खिडकीशी सुधा, आणि मधे खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला शौनक. डिकीत शामसुंदरची कसलीशी खोकी होती, त्यामुळे निळी बॅग सुधाने मांडीवर घेतली.

पोराला लवकर उठवलं होतं. गाडी सुरू झाली तसा तो पेंगायला लागला. अशोकस्तंभाच्या आसपास मी मागे वळून बघितलं, तर मृण्मयी खिडकीबाहेर बघत होती आणि शौनकची मान सुधाच्या बाजूला कलली होती. त्याचा हात पट्ट्यातून बाहेर आला होता. झोपेत चाचपडत त्याने सुधाचा हात शोधला, करंगळी धरली, तोंडात घातली आणि चोखायला लागला.

सुधाने श्वास रोखला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बोलू नका म्हणून. मी पुढे तोंड केलं आणि सिग्नल लाल व्हावेत म्हणून प्रार्थना केली. त्या दिवशी सगळे हिरवे मिळाले.

स्टँडपाशी गाडी थांबली. “चला ताई,” शामसुंदर म्हणाला. “इथे जास्त वेळ थांबू देत नाहीत.”

सुधाने करंगळी हळूच, अगदी हळूच ओढून घेतली. तरी शौनक जागा झाला. त्याने आधी तिचा चेहरा पाहिला, मग ओली करंगळी पाहिली, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. “कडू!” तो ओरडला. “कडू! कडू!” खुर्चीच्या पट्ट्यांना हिसके देत आईकडे झेपावू लागला.

“ताई,” मृण्मयी म्हणाली, “निदान जाताना तरी त्याला रडवू नका हो.”

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. शामसुंदर म्हणाला, “येवल्याची गाडी त्या टोकाला लागते.”

सुधा उतरली. मी निळी बॅग ओढत तिच्याबरोबर गेले, खड्ड्यांमधून बॅगेची चाकं काही फिरेनात. गाडी लागलेलीच होती. सुधाला खिडकीशी जागा मिळाली, मी खाली उभी राहिले. तिने उजव्या हाताची मूठ घट्ट आवळली होती, करंगळी आत घेऊन. मी म्हटलं, सुधा, पोचलीस की फोन कर. तिने मान हलवली.

कंडक्टर तिकिटं फाडत तिच्यापर्यंत आला. तिने डाव्या हाताने कशीबशी पिशवी उघडली आणि डाव्याच हाताने नोट पुढे केली.

“मावशे, डाव्या हातानं काय देती?” तो वैतागला. “सकाळची बोहनीची येळ हाय. उजवा हात नाय का तुला?”

सुधाने डावाच हात पुढे धरून ठेवला.